अधिकार थोडे, जबाबदारी मोठी: नव्या ग्रंथपालांसाठी काही अनुभव

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी ग्रंथपाल आहे. त्याआधी एका लहान वाचनालयात सहायक होते. ग्रंथालय प्रमाणपत्र अभ्यासक्रम किंवा बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करून नुकतीच नोकरीला लागलेली मुलं-मुली भेटायला येतात, तेव्हा वर्गीकरणाबद्दल फारसं कुणी विचारत नाही. प्रश्न असतो तो माणसांचा. कार्यकारिणी ऐकत नाही, जुने कर्मचारी जुमानत नाहीत, अभ्यासिकेतली मुलं भांडतात, मग काय करायचं? अभ्यासक्रमात ‘ग्रंथालय व्यवस्थापन’ नावाचा पेपर असतो. त्यात नियोजन, संघटन, नियंत्रण यांच्या व्याख्या पाठ होतात, पण पहिल्याच मासिक सभेत बोलायची वेळ आली की त्यातलं काही आठवत नाही. म्हणून मी जे करत आले, ते इथे लिहिते आहे.

आधी आपली जागा नीट समजून घ्या. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली राज्यात सुमारे अकरा हजार शासनमान्य ग्रंथालयं चालतात. बहुतेकांच्या मागे एक संस्था असते, तिची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असते आणि कारभार निवडून आलेली कार्यकारिणी बघते. अनुदान शासन देतं, पण नेमणूक, खरेदी आणि पगाराचे निर्णय कार्यकारिणीचे. ग्रंथपालाच्या एकट्याच्या सहीने फार थोड्या गोष्टी होतात. पैशाचंही बघा. 2022-23 मध्ये परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालवण्यासाठीचं अनुदान, 60 टक्क्यांनी वाढलं आणि सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला 30 हजारांऐवजी 48 हजार रुपये मिळू लागले. म्हणजे महिन्याला 4 हजार. त्यात पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, सगळं आलं. वरच्या वर्गांची रक्कम मोठी असते, पण खर्चही त्याच मानाने असतो. बक्षीस म्हणून पगार वाढवणं किंवा नवीन माणूस घेणं आपल्या हातात नसतं, हे पहिल्या दिवसापासून मनात पक्कं असू द्या.

मग आपल्या हातात काय असतं? माहिती. कोणता वाचक कोणत्या वेळी येतो, कोणतं पुस्तक मागितलं गेलं आणि मिळालं नाही, कोणत्या कपाटाला महिनोन्‌महिने कुणी हात लावत नाही, कुणी अनामत परत घेऊन सभासदत्व सोडलं, हे अध्यक्षांना ठाऊक नसतं, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनाही नसतं. देवघेव काउंटरवर बसणाऱ्यालाच ते दिसतं. ही माहिती टिपून ठेवणं आणि योग्य माणसासमोर योग्य वेळी मांडणं, यालाच मी ग्रंथपालाचं नेतृत्व समजते.

वार्षिक अहवालात सभासदसंख्या, ग्रंथसंख्या, देवघेव असे आकडे भरावेच लागतात. त्यांच्या जोडीला दोन वह्या स्वतःसाठी ठेवा. पहिली मागणीची: वाचकाने मागितलेलं आणि आपल्याकडे नसलेलं पुस्तक, तारखेसह. पुस्तक निवड समितीसमोर ही वही उघडली की चर्चेचा सूरच बदलतो. एरवी प्रत्येक सदस्य आपल्या आवडीची नावं सुचवतो. दुसरी वही अनामत परत घेणाऱ्यांची. परतीच्या अर्जावर सही घेताना आपुलकीने कारण विचारायचं आणि लिहून ठेवायचं. बदली झाली, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, जिना चढवत नाही, सहाला कुलूप लागतं आणि ऑफिस साडेसहाला सुटतं. वर्षभराची कारणं एकत्र वाचली की पुढच्या वर्षी कोणता विषय सभेत न्यायचा ते आपोआप ठरतं. जिना चढवत नसलेल्या ज्येष्ठांसाठी घरपोच पुस्तकांची कल्पना माझ्याकडे या वहीतूनच आली.

आता कार्यकारिणीकडे वळू. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण नव्या ग्रंथपालांची उमेद बहुधा इथेच खचते. समजा, अभ्यासिका रात्री आठऐवजी दहापर्यंत उघडी ठेवायची आहे. सभेत ऐन वेळच्या विषयात उभं राहून ‘मुलांची मागणी आहे’ एवढंच सांगितलं, तर उत्तर ठरलेलं: ‘पुढच्या सभेत बघू.’ सदस्य वाईट नसतात. कुणाचं दुकान असतं, कुणी निवृत्त शिक्षक, कुणी वकील. विश्वस्त म्हणून जबाबदारी त्यांच्या डोक्यावर असते आणि माहिती नसलेल्या गोष्टीला ‘हो’ म्हणायला त्यांना भीती वाटते. ती भीती आधीच ओळखून टिपण तयार करायचं.

टिपण एक पान, त्याहून जास्त नाही. वर विषय आणि मागणी एका वाक्यात. त्याखाली आठ वाजता किती मुलं बसलेली असतात, याची महिनाभराची नोंद. मग खर्च: दोन तासांच्या दिव्या-पंख्यांची वीज, थांबणाऱ्या कर्मचाऱ्याची सोय. पुढे सदस्यांच्या मनात येणारे प्रश्न आपणच मांडायचे. मुली घरी कशा जाणार? कुलूप कोण लावणार? काही तुटलं-फुटलं तर? प्रत्येकाला एक-दोन ओळींत उत्तर. शेवटी ‘तीन महिने प्रायोगिक’ असा ठरावाचा मसुदा तयार भाषेत लिहून द्यायचा, म्हणजे इतिवृत्तात तो जसाच्या तसा उतरतो. परीक्षेच्या आधीचे तीन महिने निवडले तर उत्तम. सभेच्या आठवडाभर आधी कार्यवाहांना भेटून हा कागद दाखवा, त्यांच्या सूचना खरोखर सामावून घ्या आणि विषय त्यांनाच मांडू द्या. काही नवे ग्रंथपाल विचारतात, मग श्रेय त्यांना जाणार की! जाऊ द्या. अभ्यासिका दहापर्यंत उघडी राहिली, हे महत्त्वाचं. शिवाय ज्यांनी विषय मांडला ते पुढे त्याची पाठराखणही करतात. तीन महिने संपले की कुणी मागितला नाही तरी वापराचा आणि खर्चाचा हिशेब सभेपुढे ठेवा. या सवयीमुळे पुढचं प्रत्येक टिपण लवकर मंजूर होतं.

हिशेबाची, लेखापरीक्षणाची, धर्मादाय कार्यालयातल्या बदल अर्जाची भाषा ग्रंथपालाला यायला हवी. ते कारकुनी काम म्हणून झटकू नका. अहवाल वेळेत गेला नाही, पदाधिकारी बदलल्याची नोंद झाली नाही, तर अनुदान अडकतं आणि पहिला फटका शिपायाच्या पगाराला बसतो. 1970 च्या अनुदान नियमांची प्रत टेबलाच्या खणात ठेवा आणि ती पूर्ण वाचा. सभेत नियम अचूक सांगता येणाऱ्या माणसाचं ऐकलं जातं, त्याचं वय कितीही असो.

कर्मचाऱ्यांबद्दल लिहिताना मन जड होतं. निर्गम सहायक (पुस्तकांची देवघेव बघणारे), लिपिक, शिपाई या लोकांना जे मिळतं त्यात घर चालत नाही, आणि अनुदान हप्त्यांनी येत असल्यामुळे तेही दरमहा हातात पडेल याची खात्री नसते. अशा माणसांपुढे ‘संघभावना’ वगैरे शब्द उच्चारू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना हवं असतं ते वेगळं. अनुदानाची फाइल कुठपर्यंत पोहोचली हे त्यांना आपणहून सांगा, वाट बघायला लावू नका. पाळीचं वेळापत्रक महिनाभर आधी लावा, कारण कित्येकांची दुसरीकडे अर्धवेळ नोकरी असते. आणि शिकवा. हे तर आपल्या हातात नक्कीच आहे.

आमच्याकडच्या शिपाई मामांना कोणतं पुस्तक कुठे आहे ते कॅटलॉग न बघता सांगता येतं. त्यांना दशांश वर्गीकरणाचे, म्हणजे विषयवार पुस्तकं लावायचे, क्रमांक समजावून दिले. आठशे म्हणजे साहित्य, नऊशेत इतिहास-भूगोल-चरित्रं, एवढ्यापासून सुरुवात केली. वार्षिक ग्रंथ पडताळणीत दाखल नोंदवही घेऊन कपाटासमोर कोणी उभं राहायचं आणि पुस्तकं कोणी काढून दाखवायची, हे ठरवायचं काम त्यांच्याकडे दिलं. पडताळणीचा अहवाल सभेत मांडताना त्यांचं नाव लिहिलं आणि त्यांना सभेत बोलावलं. पगारात काही फरक पडला नाही. पण त्यानंतर पुस्तक चुकीच्या जागी लागलं की ते स्वतः हटकू लागले, आणि ते हटकतात तेव्हा मी सांगते त्याहून जास्त परिणाम होतो. कर्मचाऱ्यांपैकी कुणी दहावी-बारावी झालेलं असेल तर त्याला ग्रंथालय प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला बसवा. पदवीधर असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची बी.लिब. पदवी नोकरी सांभाळून करता येते. परीक्षेच्या दिवसांत त्याच्या पाळ्या आपण घ्यायच्या.

संगणकीकरणाच्या वेळी नेतृत्वाची खरी परीक्षा होते. कोहा ही ग्रंथालयांसाठीची मुक्त संगणक प्रणाली आहे, केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे, निवड परिस्थितीनुसार करा. पण नोंदी भरायला बाहेरची मुलं बसवण्याआधी काही गोष्टी ठरवून घ्या. नोंदी युनिकोडमध्येच हव्यात. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी छापून वाचता येते, पण प्रणालीत शोधून सापडत नाही. नावांचे नियम लिहून काढा: आडनाव आधी, ‘कुलकर्णी’ की ‘कुळकर्णी’, आद्याक्षरांनंतर टिंब आणि जागा कशी. नाहीतर एकाच लेखकाची पुस्तकं चार ठिकाणी विखुरतात. हे नियम ठरवायला काउंटरवर वर्षानुवर्षं बसलेल्या निर्गम सहायकाला सोबत घ्या. संगणकाला घाबरणारी व्यक्तीच बहुधा नावांची सगळ्यात मोठी जाणकार असते. तिच्या ज्ञानावर प्रणाली उभी राहते आहे हे तिला दिसलं की कीबोर्डची भीती महिन्या-दोन महिन्यांत जाते.

पुस्तकं बाद करताना घाई नको आणि हा निर्णय एकट्याने घेऊ नका. फाटकी दिसतात म्हणून रद्दीत गेलेल्या गठ्ठ्यात 1867 पूर्वीचं छापील पुस्तक, म्हणजे दोलामुद्रित, असू शकतं. रत्नागिरी, नाशिक, पुणे, कोल्हापूर इथली जुनी ग्रंथालयं 1828 ते 1850 या काळात सुरू झालेली. तेव्हाच्या वाचकांच्या घरांतून कोणती पुस्तकं देणगी म्हणून कोणत्या गावात पोचली, सांगता येत नाही. यादी करा, जाणकाराला दाखवा, समितीचा ठराव घ्या, मगच पुढे जा.

अभ्यासिकेचा विषय आज सगळीकडे आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळी बॅगा ठेवून जागा अडवतात, मग वाद होतो, मग कुणीतरी कार्यकारिणीतल्या ओळखीच्या माणसाला फोन लावतं. नियमांचा फलक आपण लिहून लावला की मुलं त्यातल्या पळवाटा शोधतात. मी मुला-मुलींचीच पाच जणांची समिती केली, त्यात दोन मुली असतीलच असं ठरवलं, आणि नियम त्यांना करायला लावले. रिकामी जागा अर्ध्या तासाने मोकळी, फोनवर बोलायचं तर बाहेर, पंख्याखालच्या जागा आठवड्याने बदलायच्या. समिती दर सहा महिन्यांनी बदलते. वाद आता माझ्यापर्यंत क्वचित येतात, आणि आले तर मी समितीचा निर्णय डावलत नाही. हे काटेकोर पाळावं लागतं. एकदा ओळखीपोटी अपवाद केला की समितीला अर्थ उरत नाही.

महाविद्यालयीन ग्रंथालयात परिस्थिती थोडी वेगळी. तिथे प्राचार्य, ग्रंथालय सल्लागार समिती आणि महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली असतात, पगार बरा असतो. तरी टिपण लिहिण्याची कला तिथेही तितकीच लागते.

वाचनाबद्दलही सांगायला हवं. डॉ. एस. आर. रंगनाथन गणित शिकवत होते. 1924 मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकले आणि 1931 मध्ये त्यांचे या शास्त्राचे पाच सिद्धांत प्रसिद्ध झाले. परीक्षेसाठी ते आपण सगळेच पाठ करतो. नोकरीत एक वर्ष झालं की पुन्हा वाचा. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे वाक्य काउंटरसमोरची रांग बघताना वेगळंच वाटतं. आणखी एक अभ्यास करण्यासारखा आहे तो बडोद्याचा. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं आणि संस्थानभर मोफत ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत असत. आपल्या तालुक्यातल्या चार शाळांना वीस-वीस पुस्तकांची पेटी फिरवायला आजही फार पैसे लागत नाहीत. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला फोटो काढून थांबण्याऐवजी ती पेटी त्या दिवशी सुरू करा.

शेवटचं, तुमच्या नंतरच्या माणसाबद्दल. रुजू झाल्याच्या पहिल्याच वर्षी एक फाइल उघडा: मान्यतेचं पत्र, वर्गबदलाचे आदेश, मागचे लेखापरीक्षण अहवाल, बँक खात्याचा तपशील, प्रणालीचे पासवर्ड बंद पाकिटात, पुस्तक विक्रेत्यांची सवलतीची पत्रं, चालू कामांची यादी. दर एप्रिलमध्ये ती अद्ययावत करा आणि फाइल कुठे आहे ते कार्यवाहांना सांगून ठेवा. जिल्हा ग्रंथालय कार्यालयात जाताना सहायकाला सोबत न्या, तिथल्या लोकांशी त्याची ओळख करून द्या, आणि वर्षातून एकदा तरी मासिक सभेचं टिपण त्याला लिहायला आणि मांडायला द्या.