हिवाळ्यात एकट्याने पाणपक्षी पाहायचे तर

पाणथळीवर एकट्याने गेलात तर कमी चाला. दोघं-तिघं असले की एकजण काठ बघतो, दुसरा आकाश. एकट्याला दोन्ही सांभाळायचं तर एका जागी बसावंच लागतं. सकाळच्या तीन तासांत दोन किंवा तीन थांबे पुष्कळ झाले.

निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर यासाठी चांगलं. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळच्या बंधाऱ्याने ही पाणथळ तयार झाली, आणि २०२० साली ती महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरली. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा तिथला हंगाम. पाणी भरपूर असेल तर बदकं जास्त दिसतात. पाणी उतरून चिखल उघडा पडला की तुतवार, शेकाट्या अशा चिखलात टोचणाऱ्यांची चंगळ.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून साडेसहाला काठावर असा. सकाळी पाण्याच्या पूर्वेला बसा, म्हणजे ऊन पाठीवर येतं. उलट्या बाजूला बसलात तर सगळी बदकं काळीच दिसतील आणि पुस्तकातली रंगीत चित्रं काही कामाची नाहीत.

दुर्बीण ८×४२ घ्या. १०×५० जड पडते आणि एकट्याच्या हातात थरथरते. निघण्यापूर्वी ती डोळ्यांना जुळवून घ्या: उजवी भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा, मग डावी झाकून उजव्या बाजूची कडी फिरवा. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी वाटी खाली दाबायची. निफाडची थंडी कडक असते, म्हणून बरेच जण दुर्बीण स्वेटरच्या आत ठेवतात. असं केलं की अंगातल्या दमटपणाने भिंगावर वाफ धरते. ती बाहेरच लटकवा. मफलरही नाकावरून खाली घ्या, नाहीतर श्वास वर जाऊन भिंगावरच बसतो.

बसल्यावर आधी पक्षी ओळखू नका, नुसतं डावीकडून उजवीकडे एकदा पाहून घ्या. काळ्या अंगाचे, पांढऱ्या चोचीचे वारकरी बहुधा सर्वात जास्त असतील. त्यांना बाजूला काढलं की उरलेलं सोपं होतं. थापट्याची चोच पळीसारखी, तलवार बदकाची शेपटी टोकदार, भुवई बदकाच्या नराला पांढरी ठळक भुवई. माद्या सगळ्या तपकिरी, एकसारख्या. तिथे चोचीचा आकार बघा आणि शेजारी कोणता नर आहे तेही. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून गेला की अख्खा थवा उठतो. त्या काही सेकंदांत पंख पाहा: थापट्याच्या पंखाचा पुढचा भाग फिकट निळा, गडवालच्या पंखात पांढरा चौकोन. हे काम भोवत्याला करू द्या, आपण थवा उठवायचा नाही.

मोजताना डोळ्यांनी दहाचा एक ठिपका धरा, मग त्याच्या पाचपट म्हणजे पन्नासचा, आणि तो ठिपका थव्यावर सरकवत न्या. मोठा थवा आपण जवळजवळ नेहमीच कमी मोजतो. आकडा, वेळ आणि जागा वहीत तिथल्या तिथे लिहा. घरी आल्यावर पन्नासचे दोनशे कधी होतात कळत नाही. नोंद ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची तर किती मिनिटं बसलात आणि किती चाललात, हेही हवं.

पक्ष्यांनी माना उंच केल्या की समजा आणखी एक पाऊलही नको. मान खाली जाईपर्यंत थांबा.

धोका चिखलाचा. वरून वाळून भेगा पडलेली काळी माती आत मऊ असते आणि पोटरीपर्यंत पाय घेते. ओढून काढायला सोबत कुणी नसतं. दीड मीटरची काठी ठेवा आणि पाऊल टाकण्याआधी टोचा. काठी सहज आत गेली तर मागे फिरा, चप्पल-बूट सोडून पुढे जाण्याचा प्रयत्नही नको. कुठल्या काठावर आहात आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगून निघा. थंडीत फोनची बॅटरी लवकर उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा. एक लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे आणि बसायला पोत्याचा तुकडा घ्या. दवाने ओल्या गवतावर अर्धा तासही बसवत नाही.