ऑनलाइन क्लचर घेताना

मॉडेलच्या अंबाड्यावर भाळू नका, आधी लांबी बघा. फोटोत तळहाताएवढा दिसणारा क्लचर घरी येतो तेव्हा लहान मुलीच्या केसांपुरताच निघतो. वर्णनात सेंटिमीटर दिलेले असतात. घरातली पट्टी काढून तेवढं अंतर डोळ्यांसमोर आणा. विरळ केसांना साधारण 7-8 सेंमी पुरतात, दाट-लांब केसांना 10-11 तरी हवेत. दातही आतून चांगले वळलेले असावेत. सरळ दातांत अंबाडा मावतच नाही, क्लचर नुसता वर बसून राहतो.

मग फोटो झूम करून स्प्रिंगचा जोड बघा. तार उघडी असेल तर केस अडकून तुटतात. कडक, स्वस्त प्लास्टिक पडलं की दात गेलाच. अ‍ॅसिटेट नावाचं प्लास्टिक जरा लवचीक असतं, महागही. रोज वापरायचा असेल तर मी तेच घेईन. नुकत्याच धुतलेल्या केसांवरून चकचकीत क्लचर घसरतो, मॅट बरा.

रिव्ह्यूतले पाच तारे सोडा, एक-दोन तारेवाल्यांनी टाकलेले फोटो बघा. बाराच्या सेटमध्ये कधी कधी मोठे थोडेच असतात, बाकी सगळे चिमुकले! पैसे भरण्याआधी रिटर्न आहे का तेही बघून घ्या; केसांच्या वस्तूंना तो अनेकदा नसतो.