ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं? मग ब्रश थांबवू नका

बेसिनमध्ये चूळ टाकताना लाल छटा दिसली की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. त्या जागी ब्रश फिरवायचं बंद करतात, नाहीतर टूथपेस्ट बदलतात. पहिल्या उपायाने दुखणं वाढतं, दुसऱ्याने सहसा काहीच होत नाही.

रक्त येतं ते हिरडी सुजलेली असते म्हणून, आणि ती सुजते दात-हिरडीच्या सांध्यात साचणाऱ्या जंतूंच्या चिकट थरामुळे. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा स्वच्छता सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे नुसती सूज पूर्ण बरी होते. ती वर्षानुवर्षं तशीच राहिली, तर काहींच्या बाबतीत दाताभोवतीचं हाड झिजू लागतं. यालाच आपण पायोरिया म्हणतो. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही, त्यामुळे घाई करायची ती सुजेच्या टप्प्यावर.

आधी आरशात नीट बघा

उजेडात ओठ वर करून बघा. रंगावरून घाबरू नका. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्यांवर जन्मजात काळसर-तपकिरी डाग असतात आणि ते रोगाचे नसतात. बघायचं ते हे: कडा फुगीर आणि चकचकीत आहेत का? दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात का? फटी वाढल्यात का? घास नेहमी एकाच जागी अडकतो का? तोंडाला वास येतो का?

सिगारेट ओढणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. धूम्रपानामुळे हिरडीतून रक्त कमी येतं, आणि आतून हाड झिजत असलं तरी वरून सगळं ठीक भासतं. मशेरी लावणाऱ्या बायकांना ‘तिने दात घट्ट राहतात’ असं वाटतं. तो भाजलेला तंबाखू आहे, दुसरं काही नाही. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला भारतात १९९२ पासून बंदी आहे. घरी भाजलेल्या मशेरीला तो कायदा कुठे लागणार!

ब्रश सांध्यावर टेकवा

मऊ दातांचा ब्रश घ्या. त्याची टोकं हिरडीच्या कडेला साधारण ४५ अंशांत तिरकी धरा, जागच्या जागी हलकी थरथरवा, मग ब्रश दाताच्या टोकाकडे वळवा. एका वेळी दोन-तीन दात. आडवा करवतीसारखा घासला तर हिरडी खाली सरकते आणि दात शिवशिवतात. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू हमखास राहून जाते. लाळ तिथेच सुटत असल्यामुळे कीटणही, म्हणजे कडक झालेला थर, तिथेच आधी जमतं. तिथे ब्रश उभा धरा.

दोन मिनिटं, दिवसातून दोनदा, फ्लोराइडच्या पेस्टने. रात्रीची वेळ चुकवू नका. राख, विटेची भुकटी, खरखरीत मंजन नको.

फटी वेगळ्या साफ करा

ब्रश दोन दातांच्या मधे पोचत नाही, आणि हिरड्यांचा आजार बऱ्याचदा तिथेच सुरू होतो. फट अरुंद असेल तर फ्लॉसचा दोरा, रुंद असेल तर इंटरडेंटल ब्रश, म्हणजे फटीत जाणारा बारीक ब्रश, रोज एकदा. पिनेने दात कोरू नका. सुरुवातीला रक्त येईल, तरी हलक्या हाताने चालू ठेवा. दोन आठवड्यांत थांबलं नाही, तर दंतवैद्य गाठा.

दवाखान्यात काय होतं?

थर कडक होऊन कीटण झालं की ते घरच्या ब्रशने निघत नाही. डॉक्टर खुणा असलेल्या बारीक सळईने हिरडी आणि दातामधली फट मोजतात. १ ते ३ मिलिमीटर ठीक, त्यापुढे काळजीचं. गरज वाटली तर एक्स-रे काढून हाड बघतात. मग स्केलिंग, म्हणजे कीटण काढणं.

‘स्केलिंगने दात हलायला लागतात’ हा समज फार चिवट आहे. हाड आधीच झिजलेलं असतं आणि कीटणाच्या ढेपेने दात एकमेकांना जखडलेले असतात. ती ढेप निघाली की खरी अवस्था उघडी पडते. काही दिवस गार पाणी लागतं, फटी मोठ्या वाटतात, कारण सूज उतरलेली असते.

फट खोल असेल तर भूल देऊन मुळांपर्यंत सफाई करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजतात. तरीही खोल राहिलेल्या जागी छोटी शस्त्रक्रिया लागू शकते. सफाई न करता नुसत्या अँटिबायोटिक गोळ्या घेऊन पायोरिया जात नाही.

मधुमेह, गरोदरपण, रक्त पातळ करणारी गोळी, रक्तदाबाची अॅम्लोडिपिन, फिटची फेनिटॉइन यांपैकी काही असेल तर आधीच सांगा. शेवटच्या दोन औषधांनी हिरड्या फुगू शकतात. गोळ्या स्वतःहून बंद मात्र करू नका. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत.

माउथवॉश आणि घरगुती उपाय

कोमट मिठाच्या गुळण्यांनी बरं वाटतं, पण कीटण निघत नाही. क्लोरहेक्झिडिन हा जंतुनाशक माउथवॉश डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस वापरा. जास्त वापराने दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते. ब्रश आणि ही गुळणी यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. ठणकणाऱ्या हिरडीवर अॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, त्वचा भाजते.

चेहरा सुजला, ताप आला, गिळताना किंवा तोंड उघडताना त्रास झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. श्वास घ्यायला जड जात असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात.

उपचारानंतर

पायोरिया झालेल्यांनी दर तीन-चार महिन्यांनी तपासणी ठेवावी, कारण थर पुन्हा साचतोच. मधुमेह असेल तर साखरेचा ताजा रिपोर्ट सोबत न्या. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बऱ्या होत नाहीत, आणि हिरड्यांवर उपचार झाल्यावर अनेकांची साखरही थोडी उतरते.