पियानो वाजवत गाणाऱ्या कलाकाराचा स्टँडर्ड्‌सचा अल्बम कसा ऐकावा

जॅझमध्ये ज्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात, ती गाणी बहुतांशी १९२० ते १९५० च्या दशकांत अमेरिकेतील संगीतिका आणि चित्रपटांसाठी लिहिली गेली, आणि पुढे जॅझ कलाकारांनी ती इतक्यांदा गायली-वाजवली की ती कोणा एकाचीच म्हणून ओळखली जात नाहीत. चाल आधीच ठाऊक असल्यामुळे अशा अल्बममध्ये कलाकाराने त्या चालीचे काय केले, एवढेच ऐकायचे असते.

सुरुवातीला कॅनडाच्या जॅझ गायिका-पियानोवादक डायना क्रॉल यांचा १९९६ मधील ‘ऑल फॉर यू’ हा अल्बम घ्यावा. अमेरिकी गायक-पियानोवादक नॅट किंग कोल यांच्या त्रयीला, म्हणजे तीन वादकांच्या संचाला, वाहिलेल्या या आदरांजलीत रचनाही त्या त्रयीचीच आहे: क्रॉल यांचा पियानो, रसेल मलोन यांची गिटार आणि पॉल केलर यांचा डबल बेस. ड्रमर नसल्यामुळे नवख्या कानालाही प्रत्येक वाद्य सुटे ऐकू येते. हेडफोन मात्र लावावेत, कारण मोबाइलच्या स्पीकरवर बेस जवळजवळ नाहीसाच होतो.

प्रथम मध्यम लयीचे एखादे गाणे निवडून त्याची बांधणी बोटांवर मोजावी. बहुतेक स्टँडर्ड्‌स ३२ बारची (बार म्हणजे ठरावीक, बहुधा चार, ठोक्यांचा गट), म्हणजे आठ-आठ बारच्या चार भागांची असतात. पुष्कळदा पहिला, दुसरा आणि चौथा भाग एकाच चालीवर चालतो, तर तिसरा, ज्याला ‘ब्रिज’ म्हणतात, वेगळ्या सुरावटीकडे वळतो. ३२ बारच्या या पूर्ण फेरीला ‘कोरस’ असे नाव आहे. गायन थांबून गिटार सुरू झाली तरी मोजणी सोडू नये, कारण वादक त्याच ३२ बारच्या चौकटीत नवी चाल रचत असतो. ब्रिज आला हे मोजल्याशिवाय कळू लागले की निम्मे काम झाले.

लयीचा हिशेबही ध्यानात ठेवावा. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांच्या ३२ बारना साधारण एक मिनिट लागते. ६० ठोक्यांच्या संथ लयीत दोन मिनिटांहून थोडे अधिक. म्हणूनच संथ गाण्यात वादकाला पुष्कळदा अर्धाच कोरस मिळतो आणि गायिका थेट ब्रिजवर परतते.

यानंतर एक संथ गाणे घेऊन ते दोनदा ऐकावे, आणि माझ्या मते साऱ्या अभ्यासाचे मर्म इथेच आहे. पहिल्या वेळी फक्त आवाजाकडे लक्ष द्यावे: शब्द ठोक्यावर पडतो की किंचित मागाहून येतो, कोणत्या शब्दावर आवाज लांबतो, ओळ कुठे तुटते. दुसऱ्या वेळी शब्द विसरून केवळ पियानो ऐकावा. स्वतःच साथ करणाऱ्या कलाकाराला पुढचा श्वास कुठे घ्यायचा हे आधीच ठाऊक असते, त्यामुळे ओळ संपताच उरलेल्या जागेत दोन-तीन स्वर नेमके येऊन बसतात आणि आवाज परतण्यापूर्वी बाजूला होतात. गाताना पियानो विरळ का होतो आणि एकल वादनात दाट का होतो, हेही इथे उमगते. अशाच पियानो वाजवत गाणाऱ्या शर्ली हॉर्न यांच्या अतिसंथ गाण्यांत हे आणखी ठळकपणे दिसते, कारण दोन स्वरांमधील शांतताही त्या साथीसारखी वापरत. परंतु त्यांच्याकडे जरा सराव झाल्यावर वळावे.

मग त्याच गाण्याचे नॅट किंग कोल यांनी केलेले ध्वनिमुद्रण ऐकावे. कोणाचे सरस, हा वाद टाळून लय, पियानोचा आरंभ आणि गिटारची जागा या तीनच गोष्टींची तुलना करावी.

शेवटी ‘इफ आय हॅड यू’ हे गाणे लावावे. त्यात पियानो बेनी ग्रीन यांचा असून क्रॉल फक्त गातात. आधीच्या संथ गाण्याशी ते ताडून पाहावे आणि ओळींमधल्या रिकाम्या जागा आता कोण भरतो, आवाज व पियानो यांपैकी कोण कोणासाठी थांबतो, हे कानाने शोधावे.