हीटर अडकून रीफ टँक तापला तर काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

पुण्यात रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) असलेला खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवायचा म्हणजे डिसेंबर-जानेवारीत हीटर लागतोच, रात्री बाहेर 10-12 अंश असतात आणि पाणी 25-26 ला धरायचं असतं, त्यामुळे हीटर सारखा चालू-बंद होत राहतो आणि कधीतरी आतला थर्मोस्टॅट चिकटतो, मग तो बंदच होत नाही. सकाळी उठून बघावं तर पाणी 31-32 वर, मासे वरती येऊन भराभर श्वास घेतायत, झोअँथस (फुलांसारखे छोटे मऊ कोरल) मिटलेत, लेदर कोरल (जाड, मऊ कोरल) आडवं पडलंय. असा टँक वाचतो, अगदी नीट वाचतो, पण पहिल्या तासात घाई करायची आणि नंतर अजिबात घाई करायची नाही, बरेच जण नेमकं उलटं करतात.

पाण्यात हात घालायच्या आधी टँकचा सगळा वीजपुरवठा मेनवरून बंद करा. हीटरची काच तडकलेली असू शकते आणि खाऱ्या पाण्यातून करंट लागला तर तो जिवावर बेतू शकतो. हीटर काढा, काच नीट तपासा, मग बाकीचं परत चालू करा.

आता सगळ्यात आधी हवा. मासे नुसत्या उष्णतेने कमी मरतात, गुदमरून जास्त मरतात. खाऱ्या पाण्यात 25 अंशाला लिटरमागे साधारण 6.7 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 ला 6.2च, आणि त्याच वेळी माशांची गरज वाढलेली असते. वेव्हमेकरचं (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाचं) तोंड वर करा, पाण्याचा पृष्ठभाग चांगला खळखळला पाहिजे, घरात एअर पंप असेल तर तोही लावा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चालू ठेवा आणि वरचं झाकण काढून टाका.

मग गार करायचं, पण तासाला एखाद्या अंशाच्या वर नाही. फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा आणि बंद बाटलीच सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) सोडा, बर्फ थेट टाकू नका, सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा) बिघडते. हिशोब सोपा आहे, 200 लिटरच्या टँकमध्ये एक लिटरची बाटली पूर्ण वितळली की साधारण अर्धा अंश उतरतो, म्हणजे तासाला दोन बाटल्या पुरतात. सोबत पंखा लावा. आपल्याकडे हिवाळ्यात आणि मार्च ते मे हवा कोरडी असते त्यामुळे पंख्याने 2-3 अंश सहज उतरतात, पावसाळ्यात हवा दमट असल्यामुळे तेवढा उपयोग होत नाही. पंख्याने पाणी उडतं पण मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती आरओडीआयच्या (फिल्टरने सगळे क्षार काढलेल्या) साध्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही.

तापमान 27 च्या खाली आलं की मेलेलं सगळं शोधा. गोगलगायी उलट्या करून बघा, वास आला तर बाहेर. दगडांच्या मागे मासा, कोळंबी पडलीय का बघा. कोरलचा जो भाग विरघळून कुजतोय तो बारीक नळीने ओढून काढा. टँकमध्ये अ‍ॅनिमोनी (फुलासारखा दिसणारा मऊ समुद्री जीव) असेल आणि ती गळून गेली असेल तर लगेच बाहेर काढा, ती एकटी सगळं पाणी नासवू शकते. पण पांढरं पडलेलं कोरल मात्र फेकू नका! उष्णतेने त्याच्या आतलं शैवाल बाहेर पडलेलं असतं म्हणून ते पांढरं दिसतं, वरची मऊ कातडी शाबूत असेल तर ते जिवंत आहे आणि काही आठवड्यांत रंग परत येऊ शकतो. कातडी जाऊन सांगाडा उघडा पडला आणि त्यावर शेवाळ चढायला लागलं तर तेवढा भाग गेला असं समजा.

अमोनिया त्याच दिवशी मोजा आणि पुढचे 4-5 दिवस रोज मोजा. रीफचा पीएच 8.1 ते 8.3, इतक्या पीएचला अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी असतो, त्यामुळे किटवर थोडा रंग दिसला तरी 25 टक्के पाणी बदला. नवीन पाण्याची सॅलिनिटी आणि तापमान टँकइतकंच हवं. 40 लिटरला साधारण दीड किलो मीठ लागतं, पंप लावून आधी पूर्ण विरघळू द्या आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर) बघूनच ओता. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी यासाठी चालत नाही, त्यात क्षार राहतात, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) शून्यच पाहिजे, आणि टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचं तर नावच काढू नका. फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लावा आणि एक-दोन दिवसांनी बदला. हीटर फुटला असेल तर आतलं तांबं पाण्यात गेल्याची शक्यता धरा, कोळंबी-गोगलगायींना ते अगदी थोडंसुद्धा सहन होत नाही, अशा वेळी कार्बनसोबत धातू शोषणारं मीडिया पण लावा.

इथून पुढे हात आवरायचा. दिवा निम्म्यावर आणा आणि 3-4 आठवड्यांत हळूहळू वाढवा. दोन दिवस खाणं बंद, मग चिमूटभर. आणि डोसिंग, म्हणजे कोरलला वाढायला लागणारे क्षार रोज पाण्यात सोडणं! याकडे कोणाचंच लक्ष जात नाही. दुखावलेलं कोरल वाढत नाही, म्हणजे अल्कलिनिटी आणि कॅल्शियम वापरतच नाही, पण डोसर (ते आपोआप सोडणारा पंप) रोजच्यासारखं ओततच राहतो, आणि चार दिवसांनी अल्कलिनिटी 8 dKH वरून 11 वर गेलेली असते, मग उष्णतेतून वाचलेलं कोरल त्याने जातं. डोसिंग थांबवा, रोज टेस्ट करा, आकडा उतरायला लागला की परत थोडं थोडं चालू करा.

दोन-तीन आठवड्यांनी वाळूवर तपकिरी किंवा लालसर थर येईल. मेलेल्या जीवांचं खत झालंय, ते येणारच. नळीने ओढून काढत राहा, प्रवाह वाढवा, पण औषधं टाकू नका आणि फॉस्फेट एकदम शून्यावर आणू नका, त्याने डायनोफ्लॅजेलेट्स (चिकट तपकिरी थर करणारे सूक्ष्मजीव) माजतात आणि ते घालवणं याहून अवघड आहे. कोरल गेलं म्हणून लगेच नवीन आणायलाही जाऊ नका. आणि आणाल तेव्हा, आपल्या समुद्रातली हार्ड कोरल 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, कोणी 'इकडचंच आहे, स्वस्तात देतो' म्हणालं तर अजिबात घेऊ नका.

नवीन हीटर घेताना 200 वॉटचा एक न घेता 100 चे दोन घ्या, एक चिकटला तरी टँक तेवढा तापणार नाही. दोन्ही बाहेरच्या टेम्परेचर कंट्रोलरवर लावा, म्हणजे हीटर चिकटला तरी कंट्रोलर करंट तोडतो, आणि लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) हवाच. कंट्रोलरचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) मात्र क्लिपने पक्का बसवा, तो पाण्याबाहेर आला तर त्याला खोलीतली थंडीच कळते आणि तो हीटर चालूच ठेवतो. महिन्यातून एकदा प्रोब कोमट पाण्याच्या ग्लासात धरून हीटर खरंच बंद होतो का ते बघा.