गुलमर्गच्या हिवाळी स्पर्धांना बस घेऊन जायचे असेल तर: बेळगाव भागातील चालकांसाठी

शाळांच्या सहली आटोपल्या आणि सौंदत्तीच्या यल्लम्माची माघातली यात्रा ओसरली की लग्नसराई सुरू होईपर्यंत बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील टूरिस्ट बस मालकाच्या आवारात धूळ खात उभ्या राहतात, आणि आमच्यासारख्या रोजंदारीवरच्या चालकांचे हात रिकामे होतात. नेमक्या याच दिवसांत काश्मीरमधील गुलमर्गला ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा होतात. 2020 साली त्या सुरू झाल्या. बर्फावरच्या स्कीइंग आणि स्नोबोर्डिंगच्या स्पर्धा गुलमर्गला होतात, तर बर्फावरची हॉकी आणि स्केटिंग लेहला. बर्फाशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण आपल्याच कर्नाटकातील कोडगूच्या भवानीने नॉर्डिक स्कीइंगमध्ये, म्हणजे बर्फावरून लांब पल्ला कापण्याच्या शर्यतीत, सुवर्णपदके मिळवली आहेत. खेळाडू आणि पदाधिकारी बहुधा विमानाने जातात, आणि स्पर्धेच्या जागेवरची ने-आण स्थानिक गाड्यांकडे असते. आपल्या वाट्याला येते ते काम पालकांचे, समर्थकांचे आणि ‘स्पर्धाही पाहू, काश्मीरही पाहू’ म्हणून निघालेल्या पार्टीचे.

हे काम दोन प्रकारे मिळते. एक तर बेळगावहूनच बस घेऊन जायचे, म्हणजे एका बाजूने अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. किंवा पार्टी रेल्वेने किंवा विमानाने जम्मूला पोहोचते, तिथे बस भाड्याने घेतली जाते आणि ओळखीचा, आपली भाषा बोलणारा चालक हवा म्हणून आपल्याला बोलावले जाते. निवड हातात असेल तर दुसरा प्रकार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने दिल्ली गाठता येते, किंवा पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने थेट जम्मूतवी. मात्र दोन दिवसांच्या रेल्वे प्रवासानंतर पहिला दिवस झोपेसाठी राखून ठेवावा आणि तो दिवस कामाच्या दिवसांतच मोजला जाईल, असे आधी ठरवावे.

पैशाचे बोलणे करताना आपली माणसे किलोमीटर, डिझेल आणि रोजचा भत्ता यांवर घासाघीस करतात आणि हॉल्टचे दिवस विसरतात. या कामात गाडी चालते थोडी आणि उभी राहते फार. 2025 साली गुलमर्गला पुरेसा बर्फच पडला नाही, म्हणून फेब्रुवारीत ठरलेली स्पर्धा पुढे ढकलून 9 ते 12 मार्चला घ्यावी लागली. अशा वेळी पार्टी थांबली तर तुम्हीही थांबता. माझ्या पहिल्या खेपेला महामार्ग बंद झाल्याने आम्ही 4 दिवस अडकलो, आणि परत आल्यावर मालकाने शांतपणे सांगितले, “गाडी चालली तेवढ्या दिवसांचा पगार.” तोंडी बोलण्याला पुरावा नव्हता. तेव्हापासून मी एका साध्या कागदावर चार गोष्टी लिहून सही घेतो: चालवण्याच्या दिवसाचा पगार, उभ्या दिवसाचा पगार, राहण्याची खोली कोण देणार, आणि स्पर्धा पुढे ढकलली गेली किंवा रस्ता बंद झाला तर वाढीव दिवसांचे पैसे कोण देणार. कागद मराठीत असो, कन्नडमध्ये असो, सही असल्याशी कारण. मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 नुसार दिवसाचे काम 8 तासांचे असून लांब पल्ल्याच्या फेरीला ते 10 तासांपर्यंत नेता येत होते, आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागत होती. नोव्हेंबर 2025 मध्ये या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, पण दिवसाचे 8 तास तिच्यातही आहेत. दुसरा चालक द्यायला मालक कुरकुर करू लागला की हा 8 तासांचा आकडा त्याच्यासमोर ठेवावा.

कागदपत्रांबद्दल तुम्हाला मी वेगळे काय सांगणार? ऑल इंडिया टूरिस्ट परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी आणि आपले लायसन यांच्या मुदती परतीच्या तारखेच्या पुढे किमान महिनाभर असाव्यात, एवढे पाहावे. एक गोष्ट मात्र नव्या माणसाला हमखास नडते. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम चालत नाही, असा नियम आहे, पोस्टपेड चालते. लखनपूरची हद्द ओलांडली की फोन मुका होतो आणि घरचे लोक इकडे घाबरतात. म्हणून निघण्यापूर्वी कंपनीकडे चौकशी करून सिम पोस्टपेड करून घ्यावे, किंवा पार्टीतील एकाचा नंबर घरी देऊन ठेवावा.

गाडीच्या तयारीत आपल्या भागातील सवयीच सर्वांत जास्त घात करतात. चोर्ला घाटात गाडी तापली की आपण रेडिएटरमध्ये बाटलीभर साधे पाणी ओततो आणि पुढे जातो. असे वर्षभर ओतलेले पाणी काश्मीरच्या रात्रीत गोठते, फुगते आणि इंजिनचा ब्लॉक फोडते. निघण्यापूर्वी सगळे पाणी काढून निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी भरावे. दुसरी गोष्ट एअर टाकीची. ब्रेकच्या हवेत पाणी साचते, ते थंडीत नळीत गोठले तर ब्रेक लागत नाही किंवा लागलेला सुटत नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी गाडी लावताना टाकीखालची कडी ओढून पाणी काढून टाकावे, आणि ते पांढरे फेसाळ आले तर हवेतील ओल शोषणारा ड्रायर तपासून घ्यावा. डिझेलमध्ये मेण असते आणि थंडीत ते दाटून फिल्टरमध्ये बसते. मैदानात भरलेली टाकी काश्मीरपर्यंत पुरवू नये, तिकडे पोहोचल्यावर तिथल्या पंपावर भरावी आणि रात्री शक्यतो भरलेलीच ठेवावी. सकाळी गाडी उठली नाही तर फिल्टरवर गरम पाण्यात बुडवलेले फडके गुंडाळावे. टाकीखाली जाळ करणारे चालक रस्त्यात दिसतील, त्यांचे अनुकरण करू नये. हँडब्रेक ओढून रात्रभर ठेवल्यास ओले लायनर ड्रमला चिकटतात, म्हणून सपाट जागा पाहून गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत.

जम्मू ते श्रीनगर या महामार्गावर घड्याळ आपले नसते. चेनानी-नाशरीचा सुमारे 9 किलोमीटरचा आणि बनिहाल-काझीगुंडचा सुमारे साडेआठ किलोमीटरचा बोगदा झाल्यापासून प्रवास पुष्कळ सुकर झाला आहे, पण मधला रामबन ते बनिहाल हा पट्टा आजही दरडींचा आहे. वाहतूक पोलीस कोणत्या दिवशी कोणत्या बाजूची गाडी सोडायची हे आदल्या संध्याकाळी जाहीर करतात. ते पाहिल्याशिवाय पार्टीला निघण्याची वेळ सांगू नये. बोगद्याच्या तोंडाशी विशेष जपावे. आत रस्ता कोरडा असतो, बाहेर पडताच सावलीत पारदर्शक बर्फाचा पातळ थर असतो आणि तो ओल्या डांबरासारखाच दिसतो. अशा ठिकाणी एक्झॉस्ट ब्रेकही, म्हणजे इंजिनचा धूर अडवून वेग कमी करणारा ब्रेक, वापरू नये, कारण मागची चाके अडून गाडीची शेपटी फिरते. बोगद्यातच वेग उतरवावा, गिअर आधीच खाली घ्यावा आणि स्टीअरिंगला झटका देऊ नये. तवंदी घाटात पहिल्या पावसात तेलकट झालेल्या रस्त्यावर जसे चालवतो, त्याच्या निम्म्या वेगाने.

श्रीनगरहून गुलमर्गच्या वाटेवर सुमारे 40 किलोमीटरवर टंगमर्ग लागते आणि आपले काम तिथे संपते. पुढचे 13 किलोमीटर चढाचे, वळणांचे आणि बर्फाचे आहेत. बर्फ असताना चाकांना साखळी लावलेल्या किंवा चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांनाच वर सोडतात, आणि प्रवाशांची ने-आण स्थानिक गाडीवालेच करतात. पार्टीला हे बेळगावातच सांगून टाकावे. “मामा, एवढं आलोय तर आपलीच बस वर घ्या की,” असे म्हणणारा एक तरी निघतोच. चांगले घाटावरचे चालकही या आग्रहाला बळी पडतात. तिथल्या स्टँडवर मी एका पोराला साखळी लावताना पाहिले. त्याने साखळी आधी बर्फावर सरळ अंथरली, पीळ काढला, गाडी हातभर पुढे घ्यायला लावून चाक तिच्यावर आणले, आकडे अडकवले, थोडे अंतर चालवून पुन्हा उतरून आवळले. तेही हातमोजे न काढता. आपण ते काम नव्याने शिकत असताना मागे 45 माणसे बसवू नयेत. स्थानिक गाडीवाल्याशी भांडण्याऐवजी त्याच्याकडून परतीची वेळ पक्की करून घ्यावी.

थांबण्याच्या रात्री बसमध्ये झोपू नये. झोपावेच लागले, तर काच लावून आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची टोपली, किंवा शेगडी ठेवू नये, आणि हीटरसाठी इंजिनही सुरू ठेवू नये. निखाऱ्यांचा आणि धुराचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही. बर्फाने सायलेन्सरचे तोंड बुजले तर तोच वायू आत येतो. खोलीचे पैसे कागदावर लिहून घ्या, असे मी वर म्हटले ते यासाठीच.

आता फिरण्याविषयी. पार्टी वर गेली की सकाळी 9 ते संध्याकाळी 5 हा वेळ आपला असतो. मात्र बस घेऊन फिरू नये, आणि फोन हाताशी ठेवावा. एक दिवस तरी जाग्यावर पर्यायी चालक किंवा क्लीनर ठेवून स्वतः गुलमर्गला जावे. खेळ उघड्यावर चालतो, उतारावरून उतरणारे स्कीपटू खालून सहज दिसतात. गोंडोलाचे, म्हणजे तिथल्या रोपवेचे, तिकीट ऑनलाइन आधी काढावे लागते, आणि पहिला टप्पा, कोंगडोरीपर्यंतचा, पुरे आहे. दुसरा टप्पा अफरवत शिखराच्या बाजूला साडेतीन हजार मीटरच्या पुष्कळ वर नेतो. दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची असेल तर दम लागून डोके धरण्यात अर्थ नाही. सैन्याची उंचावरील युद्धाचे प्रशिक्षण देणारी शाळाही गुलमर्गलाच आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावातून आपण आलेलो असतो, त्यामुळे नाक्यावर गाडीचा बेळगावचा केए-22 नंबर पाहून एखादा जवान हमखास पुढे येतो आणि विचारतो, “काय पावणं, बेळगावचं काय?” तेवढ्यावर चहा होतो. फोटो मात्र त्याचा आणि नाक्याचा काढू नये.

श्रीनगरमध्ये मुक्काम असेल तर पहाटे शिकाऱ्याने दल सरोवरातला तरंगता भाजीबाजार पाहावा. दर आधी ठरवावा. शंकराचार्य टेकडीवरून सगळे शहर दिसते. जुन्या शहरातील जामा मशिदीत देवदाराचे 378 खांब आहेत, एकेक अख्ख्या झाडाचा. लाकूडकामाची आवड असणाऱ्या खानापूरकराने ते चुकवू नयेत. चहाला केशरी कहवा गोड असतो, पण गुलाबी नून चहा खारट असतो. पहिल्या घोटाला तोंड वाकडे न करणे हे पाहुण्याचे कर्तव्य समजावे. बेकरीतून सकाळी निघालेला गरम गिर्दा, म्हणजे तिथली रोटी, सोबत घेतला की भाकरीची आठवण जरा कमी होते.

परतीच्या वाटेवर महामार्गालगत अवंतीपोऱ्याला नवव्या शतकातील अवंतीस्वामी मंदिराचे अवशेष आहेत. पार्टीला तिथे अर्धा तास द्यावा. पुढे संगम परिसरात दुतर्फा क्रिकेटच्या बॅटी रचून ठेवलेल्या दिसतात. गल्लीतल्या पोरांसाठी घ्यायची असेल तर रंगीत स्टिकरवर न जाता उभ्या रेषा सरळ असलेली, हातात हलकी वाटणारी घ्यावी. आणि जम्मूला पार्टी उतरण्यापूर्वी, सगळे सामान शोधण्याच्या गडबडीत असतानाच, हॉल्टच्या दिवसांचा कागद पुढे करून पार्टीप्रमुखाची सही घ्यावी. बेळगावला पोहोचल्यावर तो माणूस फोन उचलेलच असे नाही.