एलईडी लावल्यावर गाडीचं वायरिंग बिघडलं? आधी मीटर, मग पक्कड

कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पावसाळ्याच्या तोंडावर गगनबावडा, आंबोलीकडे जाणारी मंडळी गाडीला एलईडी लावून घेतात आणि पाऊस लागला की त्याच गाड्या परत येतात. इंडिकेटर पळतोय म्हणजे फार जोरात लुकलुकतोय, हेडलाइट फडफडतोय, सकाळी बॅटरी उतरलेली. यातल्या बहुतेक गाड्यांत एलईडी चांगलाच निघतो. गाडी बांधली साध्या बल्बसाठी; दहा वॉटच्या बल्बच्या जागी आता एक-दोन वॉटचा दिवा बसलाय आणि बाकीच्या सर्किटला त्याचा मेळ लागत नाही. हे वायर तोडून सुटत नाही. मोजून सुटतं.

सगळ्यात पहिलं काम, जुना बल्ब परत लावून बघा. म्हणूनच मी गिऱ्हाइकाला जुने बल्ब फेकू देत नाही. बल्ब लावल्यावर सगळं नीट चाललं तर गाडीचं मूळ वायरिंग ठीक आहे आणि दोष लोडचा, म्हणजे दिवा किती करंट ओढतो त्याचा, किंवा त्या एलईडीचा. बल्बही मंद पेटला तर रोग जुनाच होता, एलईडीने तो फक्त दाखवला.

मग मीटर घ्या. साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीचे दोन्ही टर्मिनल बघा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. इंजिन चालू करून थोडी रेस दिली की १३.८ ते १४.५ यायला पाहिजे. १५ च्या वर जात असेल तर एलईडी बदलत बसू नका. बाइकचं आर.आर. युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा डबा) किंवा कारच्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय. नवा आणलेला एलईडीही उडेल.

आता अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली मायनस वायर. आमच्याकडच्या पावसात निम्मं दुखणं इथंच असतं. दिवा चालू ठेवा, मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला आणि लाल पिन दिव्याच्या मायनस वायरला लावा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला. अर्धा-एक व्होल्ट दाखवला की समजायचं, बोल्टखाली रंग किंवा गंज आहे. बोल्ट काढून पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, वायरला लग (टोकाची धातूची कडी) दाबून बसवा, कसा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. वायर नुसती बोल्टला गुंडाळून वर टेप मारलेली असते, तिथे दोन पावसांत तांबं हिरवं पडतं. बाइकला तर मी हेडलाइटची अर्थ वायर थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत वेगळी ओढतो, कारण हँडलचा अर्थ स्टिअरिंगच्या बेअरिंगमधून येत असेल तर त्याचा भरवसा नाही.

इंडिकेटर पळण्याचं कारण साधं आहे. जुना फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी डबी, बल्बच्या करंटवर चालतो. करंट कमी झाला की त्याला वाटतं बल्ब गेला, आणि तो जोरात टिकटिक करतो. काही गाड्यांत उलटं होतं, दिवा नुसता पेटून राहतो. मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणं बरोबर. त्याहून जास्त म्हणजे बिघाड. बाजारात यावर दोन उपाय मिळतात, रेझिस्टर (बल्बइतका करंट मुद्दाम ओढणारा) आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर. मी फ्लॅशरच्या बाजूचा आहे. १० ओहमचा रेझिस्टर साडेतेरा व्होल्टवर अठराएक वॉटची उष्णता काढतो, कारला लावतात तो ६ ओहमचा तीसएक वॉट. इंडिकेटर बराच वेळ चालू राहिला तर हात लावता येत नाही इतका तापतो. तो प्लॅस्टिकच्या आत टेपने गुंडाळलेला असला तर मागची वायर वितळते. रेझिस्टर लावावाच लागला तर पत्र्यावर स्क्रूने कसा, वायरिंगपासून लांब.

फ्लॅशर बदलताना पिना बघा. दोन पिनांच्या जागी तीन पिनांचा घेतलात तर तिसरी पिन अर्थची, ती वेगळी जोडावी लागते. प्लस आणि लोडच्या वायरी उलट झाल्या तर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर चालत नाही, काही तर जळतात. नव्या कारमध्ये वेगळा फ्लॅशर नसतोच, काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल (गाडीचे दिवे सांभाळणारा कॉम्प्युटर) करतं; तिथे चांगल्या प्रतीचे कॅनबस एलईडी, म्हणजे मॉड्यूलला बल्बच लावलाय असं भासवणारे, घ्या किंवा इंडिकेटरला कंपनीचे बल्बच राहू द्या. इंडिकेटरच्या बल्बने काही बॅटरी संपत नाही.

एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. डावा इंडिकेटर दाबला की चारही लुकलुकतात. ज्या बाइकच्या मीटरवर दोन्ही बाजूंना मिळून एकच हिरवा दिवा असतो, तिथे हे होतं. त्या दिव्याचं एक टोक डाव्या वायरला, दुसरं उजव्या वायरला. त्याला अर्थ मिळतो तो विरुद्ध बाजूच्या बल्बमधून. बल्ब त्या थोड्या करंटवर पेटत नाही, एलईडी पेटतो. उपाय दोन रुपयांचा आहे. वन-एन-४००७ नंबरचे दोन डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारे) घ्या. एक डाव्या वायरला, एक उजव्या वायरला, पांढऱ्या पट्टीची बाजू दिव्याकडे. दोन्ही पट्टीची टोकं जोडून दिव्याच्या एका टोकाला द्या आणि दुसरं टोक सरळ अर्थ करा. सोल्डर करून वर श्रिंक स्लीव्ह चढवा.

हेडलाइट फडफडणं जुन्या शंभर सीसी गाड्यांत जास्त. तिथे हेडलाइट बॅटरीवर नसतो, इंजिनातल्या मॅग्नेट कॉईलच्या एसीवर, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या करंटवर चालतो. बल्बच्या तारेला फरक पडत नाही, एलईडी लगेच फडफडतो. इंजिन चालू ठेवून होल्डरवर मीटर आधी डीसीला लावा. स्थिर १२-१४ आलं तर डीसी. आकडा नाचत असेल किंवा शून्याजवळ असेल आणि एसीवर ठेवल्यावर बाराएक दाखवत असेल तर एसी. मग एसी-डीसी दोन्हीवर चालणारा एलईडी घ्या, किंवा मध्ये एसीचं डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर आणि ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर टाका. हेडलाइट सरळ बॅटरीवर घ्यायची घाई करू नका. अशा गाडीची बॅटरी तीनएक एएचची (अँपिअर-तास) असते, चार्जिंगही तेवढंच. वीस वॉटचा दिवा पावणेदोन अँपिअर ओढतो आणि ट्रॅफिकमध्ये रेस नसताना बॅटरी उतरत जाते. एसी हेडलाइटला एलईडी लावला की बॅटरी जास्त भरते, हा समजही चुकीचा. वाचलेला करंट बॅटरीत जात नाही, आर.आर. युनिट तो अर्थमध्ये घालवतं आणि स्वतः जास्त तापतं.

कारचा एलईडी फडफडत असेल किंवा बंद केल्यावरही मिणमिणत असेल, तर मॉड्यूल बल्ब तपासायला बारीक पल्स सोडतंय. कॅनबस डीकोडर मध्ये लावला की थांबतं. एफएमवर खरखर येत असेल तर एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला करंट पुरवणारं सर्किट, हलक्या प्रतीचा आहे; वायरवर फेराइटची (खरखर अडवणारी) क्लिप लावून बघा, नाहीतर दिवा बदला.

सकाळी बॅटरी उतरलेली असते, त्यात दोषी बहुधा फॉग लॅम्पचा रिले (लहान करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). त्याची कॉईल कायमच्या प्लसवर जोडलेली असते आणि स्विच चालू राहतो. साधा रिले दीडशे मिलिअँपिअर घेतो; दहा तासांत दीड एएच, म्हणजे लहान बाइकची अर्धी बॅटरी. चावी बंद करून, बॅटरीची मायनस वायर काढून मीटर १० अँपिअरवर, ती वायर आणि टर्मिनल यांच्या मध्ये लावा. कार असेल तर मॉड्यूल झोपायला अर्धा तास द्या. ५० मिलिअँपिअरच्या वर दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल ते सर्किट. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

रिलेची जोडणी अशी: ३० नंबर बॅटरीच्या प्लसला, ८७ दिव्यांना, ८५ अर्थला, ८६ चावी चालू केल्यावर येणाऱ्या प्लसला, स्विचमधून. चाळीस वॉटच्या दोन दिव्यांना पावणेसात अँपिअर लागतात. दीड स्क्वेअर एमएमची वायर आणि १० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. दिव्याजवळ लावलात तर मधल्या सगळ्या वायरला फ्यूजचं संरक्षण राहत नाही, आणि घासून पत्र्याला टेकली की पेट घेते.

फ्यूज परत परत जात असेल तर १० च्या जागी ३० घालू नका, सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर अजिबात नको. वायर कुठेतरी सोलली आहे. बाइकला हँडल वळवून बघा, कारला बोनेटच्या कडेला बघा. सापडली नाही तर ते सर्किट काढून ठेवा आणि गाडी उजेडात वायरमनकडे न्या.